बाळा केळुसकरची कबुली

वेंगुर्ल्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बर्नादेत टीचर म्हटलं की रिक्षावालासुद्धा घरापर्यंत आणून सोडतो. एवढ्या वर्षांत पालक पुष्कळ भेटले, पण शाळेच्या व्हरांड्यात वहाणा हातात घेऊन आलेला एकच. तो बाळा केळुसकर.

"टीचर, माझां चेडू आठवीत इलां," तो म्हणाला. "इंग्रजीत जरा कच्चां आसा. तुमी बघशात काय?"

त्याच्या मागे त्याची मुलगी दिव्या उभी होती. जूनची उकाड्याची दुपार, तरी अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. वर्गात मुलींनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजलेला आहे म्हणून.

त्या हाताची हकीकत वाडीत सगळ्यांना माहीत होती. बाळाची बायको यशोदा काविळीने गेली तेव्हा दिव्या तीन वर्षांची होती. बाळा तेव्हा काजूच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. बी भाजताना टरफलातून काळं तेल सुटतं. ते कातडीला लागलं की कातडी सोलून निघते. फोडणाऱ्या बायका हाताला राख फासून बसतात त्या त्यामुळेच. घरी पोरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून बाळा तिला बरोबर न्यायचा आणि बारदानांच्या थप्पीवर बसवायचा. तिला सातवं लागलं होतं त्या वर्षी एका सकाळी तो विडी ओढायला बाहेर गेला. मागून किंकाळी आली. पोर थप्पीवरून उतरून तेलाच्या डब्याशी गेली होती, डबा कलंडला होता.

बावीस दिवस ती सरकारी इस्पितळात होती. बाळा खाटेखाली झोपायचा. त्याची मोठी बहीण सुभद्रा मुंबईत एका घरी स्वयंपाकाला होती, ती काम सोडून आली ती कायमची. बाळाने विडी टाकली, कारखाना टाकला आणि भाई म्हणून एकाची कलमांची नर्सरी आहे तिथे कामाला लागला. आंब्याची, काजूची कलमं बांधण्यात त्याचा हात इतका बसला की गोव्यातून येणारी गिऱ्हाइकं "बाळाने बांधलेली आहेत का" असं विचारून कलमं नेत.

पोरीवर त्याने कधी हात उगारला नाही. सहावीत ती गणितात नापास झाली तेव्हा सुभद्राने तिच्या पाठीत धपाटा घातला, तर हा दोन वेळा जेवला नाही. रस्त्याने चालताना तो नेहमी तिच्या उजव्या बाजूने चालायचा. डाव्या हाताला आपला धक्कासुद्धा लागू नये, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तो हात माझो नाय, टीचर. तेका हात लावचो हक्क माका नाय."

पोरगी मात्र हुशार निघाली. हुशार म्हणजे पाठांतरवाली नव्हे. एखादा शब्द आवडला की तो चार दिवस वापरून बघणारी. दहावीला तालुक्यात दुसरी आली. पुढे दापोलीला शेतीचं शिकली. चार वर्षं तिथे राहिली आणि तिची मालवणी सुटली. घरी आली की बापाशी आणि आत्याशी शुद्ध मराठीत बोलायची. ती दोघं मालवणीत उत्तरं द्यायची. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तिला हॉलंडला जाऊन पुढचं शिकायचं होतं. तिकडची एक मोठी संस्था दरवर्षी निरनिराळ्या देशांतली मुलं निवडते आणि विमानभाड्यापासून जेवणापर्यंत सगळं करते. दिव्याने पहिल्या वर्षी अर्ज केला. नकार आला. दुसऱ्या वर्षी अर्जाच्या आधी ती माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आली. चहा पिता पिता म्हणाली, "टीचर, पुण्याचे एक सर ऑनलाइन अर्ज तपासून देतात. ते म्हणाले, तुझे मार्क चांगले आहेत, काम चांगलं आहे, पण निबंध सपक आहे."

"सपक म्हणजे?"

"आयुष्यातला सगळ्यात मोठा अडथळा कोणता आणि तुम्ही त्यावर कशी मात केली, असा प्रश्न असतो. मी लिहिलं होतं, आई लहानपणी गेली, बाबांनी वाढवलं. सर म्हणाले, हे तर सगळ्यांचंच असतं. कोणी युद्धातून आलेलं असतं, कोणी लग्नातून पळून आलेलं असतं. तुला अडवलं कोणी?"

मी हसले. म्हटलं, "अडवलं नाही कोणी, तर देवाचे उपकार मान गो बाय."

ती हसली नाही. मी शिफारसपत्र लिहून दिलं, मनापासून लिहिलं. त्यात बाळाबद्दलही दोन ओळी होत्या. त्या वाचून ती म्हणाली, "टीचर, बाबांचं काढूया का? फक्त अभ्यासाबद्दल असू दे." मला त्यात काही खटकलं नाही. मी त्या ओळी काढल्या.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये निवड झाल्याचं कळलं. बाळा नर्सरीतून धावत घरी आला, हाताला माती तशीच. वाडीने शाळेच्या सभागृहात सत्कार ठरवला. संस्थेने निवडलेल्या मुलांचे निबंध आपल्या वेबसाइटवर टाकले होते. बाळाने झेरॉक्सच्या दुकानातून दिव्याच्या निबंधाची प्रत काढून घेतली आणि दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्याला तो निबंध मराठीत हवा होता, सत्कारात वाचायला.

"सगळो नको, टीचर. जरा बरो बरो भाग सांगा. मी पाठ करतंय."

मी चष्मा लावला आणि वाचत वाचत सांगू लागले. पहिला परिच्छेद समुद्राचा होता, काजूच्या बागांचा होता. बाळा मान डोलावत होता. दुसऱ्या परिच्छेदाशी माझी जीभ अडखळली.

तिथे लिहिलं होतं, माझ्या वडिलांना मुलीने शिकणं मान्य नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला कारखान्यात कामाला लावलं. एके दिवशी काम सोडून मी पुस्तक वाचताना सापडले. त्यांनी माझा डावा हात धरला आणि गरम तेलात बुडवला. पुस्तक भट्टीत टाकलं. त्या दिवशी मी ठरवलं की हा हात एक दिवस पदवी घेईल.

मी म्हटलं, "हंय ता हाताचा लिवलां आसा. अपघाताचा."

"काय लिवलां?"

"लिवलां, तेल सांडला, बाबांनी इस्पितळात नेलां..."

बाळा माझ्याकडे बघत राहिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माणूस वाचतो कधी आणि रचतो कधी, एवढं त्याला कळत होतं.

"टीचर, तुमचे डोळे पुढे गेलेत. तोंड मागे रवलां. असा तसा सांगा."

मग मी असं तसं सांगितलं. त्याने दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी "बुडवला" या शब्दाला त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "ह्या लिवलां म्हणान तेंनी तिका घेतली?"

"त्याच्यामुळेच घेतली असां नाय. मार्क आसत, काम आसा."

"पण गेल्या वर्साक मार्क होतेच."

कागदाची नीट चौघडी करून त्याने ती खिशात घातली. सत्कारात निबंध वाचला गेला नाही. बाळाने वाडीच्या मंडळींना सांगितलं की तो फार मोठा आहे. त्याला शाल दिली, नारळ दिला, दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकसमोर उभा राहिला, "चेडू माझां..." एवढं म्हणाला आणि खाली उतरला. लोकांना वाटलं, आनंदाने गळा भरून आला. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. बाळा नर्सरीत असेल अशा वेळी गेले होते, पण तो परसात आळी खणत होता. ते मला उशिरा कळलं. सुभद्रा भाकऱ्या थापत होती. मी दिव्याला विचारलं, "हे काय लिहिलंस?"

ती शांत होती. रागावली असती, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

"टीचर, सगळेच लिहितात. त्यांना असं काहीतरी हवं असतं. इथे तो निबंध कोण वाचणार आहे?"

"तुझ्या बापाने वाचून घेतला."

तिचा चेहरा क्षणभर हलला. तेवढ्यात बाळा मागच्या दारात येऊन उभा राहिला. सुभद्राला एव्हाना बोलण्यावरून अर्थ लागला होता. ती पिठाच्या हातांनीच उठली.

"गो, तेना हात जाळल्यान तुझो? ह्या तोंडान बोललंस?"

"आत्या, मी बोलले नाही, लिहिलं," दिव्या म्हणाली. मग बापाकडे वळली. "आणि बाबा, खरं सांगा. मी सात वर्षांची होते. सात वर्षांच्या मुलीला तिथे कोण नेतं? तुम्ही नेलं. तुम्ही विडी ओढायला गेलात. हात जळला तो कोणामुळे जळला? मी फक्त वय बदललं आणि कारण बदललं. हात तोच आहे ना?"

तिने बाही वर केली. त्या घरात ती बाही कधी वर होत नसे. बाळाने खणतं खाली ठेवलं, भिंतीला टेकवून नीट ठेवलं. "खराच आसा," तो म्हणाला आणि पुन्हा आळ्याकडे गेला.

इथे मी जे केलं ते सांगायला हवं. आठ दिवस मला झोप लागली नाही. मी शिक्षिका. ते निबंध लिहिण्याचं शास्त्र तिला मीच शिकवलं होतं, आणि शिफारसपत्रावर सही माझी होती. मी संस्थेला एक मेल पाठवला. लिहिलं की मुलगी लायक आहे, तिची निवड योग्य आहे. फक्त वडिलांबद्दलचा तो परिच्छेद खरा नाही, तो वेबसाइटवरून काढून टाकावा. मला वाटलं, एवढंच होईल. साठी उलटलेल्या बाईला इतकं भाबडं असण्याचा अधिकार नसतो.

चार दिवसांत उत्तर आलं. अर्जात खोटी माहिती आढळल्यास निवड रद्द केली जाते, आमची माणसं प्रत्यक्ष येऊन चौकशी करतील. आणि गावातली भाषा वेगळी असल्याने दुभाषी म्हणून तुम्ही हजर राहू शकाल का, असंही विचारलं होतं.

ते पत्र घेऊन मी नर्सरीत गेले. बाळा चाकूने काडी तासत होता. मी सगळं सांगितलं, मेल मी पाठवला हेही सांगितलं. तो रागावला नाही. काडीची पाचर खोडात बसवली, पट्टी गुंडाळली.

"खोटां निघालां तर काय होतला?"

"तिची शिष्यवृत्ती जातली."

"आणि खरां निघालां तर?"

"तर रवतली."

"मगे खरां निघांदे."

"बाळा, तू काय बोलतंस ता तुका कळता?"

"टीचर, तुमी पत्र धाडलास ता धाडलास. आता तुमी गप रवा. मी सांगतंय तसां तेंका सांगा." आणि मग खालच्या आवाजात, "तुमच्या पाया पडतंय." खरंच वाकला. माझ्यापुढे, चाळीस माणसं काम करत होती तिथे. मी हो म्हटलं.

मे महिन्यात ती माणसं आली. मुंबईच्या ऑफिसातली एक बाई, चाळिशीची, परदेशात वाढलेली, मराठी-हिंदी न येणारी, आणि कॅमेरा घेतलेला एक गोरा तरुण. त्या दिवशी बाळाने सुभद्राला मालवणला चुलत बहिणीकडे पाठवून दिलं होतं. ती घरी असती तर तिने पहिल्याच प्रश्नाला दोघांना बाहेर काढलं असतं. दिव्या आतल्या खोलीत बसली होती. तिची मुलाखत आधी झाली होती. दार लोटलेलं होतं, पण लावलेलं नव्हतं.

बाळाने कोकमाचं सरबत केलं होतं. चार पेले, ताटलीत मांडलेले. अंगात सत्काराचाच सदरा होता. बाईंनी त्याला कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि मला शेजारी.

"मुलीचा हात तुम्ही मुद्दाम जाळलात का?"

मी ते मालवणीत विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"होय," बाळा म्हणाला.

"का?"

याची तयारी त्याने केली नव्हती. तो माझ्याकडे बघू लागला, जणू उत्तर मी द्यायचं होतं. मग म्हणाला, "पुस्तक वाची होता म्हणान. काम करी नाय होता."

"तेव्हा तिचं वय काय होतं?"

"सात," बाळा म्हणाला. पटकन म्हणाला. त्या दिवसाबद्दलची ती एक गोष्ट त्याला पाठ करावी लागत नव्हती. मी बघितलं, दाराच्या फटीत दिव्याची सावली हलली.

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, "नऊ."

ते माझ्या तोंडून निघालं. कोणी माझ्या पाया पडलं म्हणून नव्हे. तिथे बसल्यावर दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं. बाईंनी लिहून घेतलं.

"तुम्हाला केल्याचा पश्चात्ताप होतो का?"

मी विचारलं आणि बाळा रडू लागला. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. "रोज," तो म्हणाला. "रोज सकाळी उठान पयलो तोच इचार. मी भायर गेलंय नसतंय तर... माझां चेडू, माझां एवढां चेडू..." पुढचं त्यालाच बोलता येईना. ते सात सोडलं तर त्या संबंध मुलाखतीत तेवढंच खरं होतं, आणि नेमकं तेवढंच त्या तरुणाने कॅमेरा जवळ आणून टिपलं. "भायर गेलंय नसतंय तर" याचं भाषांतर मी केलं नाही.

काम संपल्यावर बाळा डोळे पुसून ताटली घेऊन उभा राहिला. बाईंनी सरबताकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, नको. तरुणाने पेला उचलला होता, तो त्याने परत ठेवला.

गाडीपर्यंत मी गेले. बाई मला म्हणाल्या, "तो मेल तुमचाच होता ना? आम्हाला सगळीकडे हाच अनुभव येतो. मुलगी खरं बोलते आणि गाव बापाला सांभाळून घेतं. तुम्ही तर शिक्षिका होतात."

मी गप्प राहिले. बाळाला तसा शब्द दिला होता.

जूनमध्ये संस्थेने तो व्हिडिओ वेबसाइटवर टाकला, फक्त कबुली आणि "रोज" म्हणत रडणं एवढंच ठेवून. खाली इंग्रजी ओळी होत्या, पण आवाज बाळाचा होता आणि बोली आमची होती. कोणाला भाषांतराची गरज नव्हती. आठवड्याभरात तो वेंगुर्ल्यातल्या प्रत्येक फोनवर पोचला. ज्यांनी ती पोर इस्पितळात असताना पेज पोचवली होती, ज्यांना डबा कसा कलंडला ते तोंडपाठ होतं, तीच माणसं म्हणू लागली, "तो स्वतःच्या तोंडान सांगता मरे. आमका तेव्हा काय दिसलां? आमी काय थंय होतंव?" नर्सरीतल्या बायका बाळाबरोबर पंधरा वर्षं एका झाडाखाली जेवत होत्या. त्या डबे घेऊन शेडच्या पलीकडे बसायला लागल्या. एकीने तर आठवून सांगितलं की बाळाच्या नजरेत पहिल्यापासूनच काहीतरी होतं.

भाईने त्याला बोलावलं. "बाळा, माका म्हायत आसा रे. पण गिऱ्हाइकां मोबाइल दाखवतत. जरा दिवस घरी रव."

ते जरा दिवस पुढे कधी संपले नाहीत.

दिव्याने हे सगळं पाहिलं. ती वाईट मुलगी होती असं मी म्हणत नाही. मला तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. बाप घरी बसला त्या दिवशी तिने सुभद्राला म्हटलं, "मी गेल्यावर सगळं शांत होईल." व्हिसाचे कागद, गरम कपडे, मसाल्याच्या पुड्या यांत ती बुडून गेली. बाळा तिच्या बॅगेचं वजन करायला वाण्याकडून काटा घेऊन आला. चार वेळा वजन केलं.

ऑगस्टमध्ये ती निघाली. गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावरून मुंबई आणि तिथून पुढे. मी गाडी ठरवली होती. सुभद्रा, बाळा, दिव्या आणि मी. बांद्याच्या अलीकडे दिव्या पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाली, "बाबा, मोप्यावर संस्थेचा एक माणूस फोटो काढायला येणार आहे. निघतानाचे फोटो. तुम्ही तिथे दिसलात तर बरं दिसणार नाही."

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"बरां," बाळा म्हणाला. "बांद्याक थांबय रे. मी हंयच उतारतंय. तुमी येतापर्यंत बाजार बघतंय."

तो उतरला. खिडकीशी येऊन त्याने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण काच अर्धीच खाली होती. "जेवान वेळेर कर," एवढं म्हणाला. परत येताना आम्ही त्याला शोधलं तेव्हा तो बसस्टँडच्या बाकावर बसलेला होता. पाच तास तिथेच बसला होता. बाजार बघितला नव्हता, काही खाल्लं नव्हतं. "इमान गेला?" त्याने आभाळाकडे बघत विचारलं. सुभद्रा त्याच्या शेजारी बसली आणि रस्त्यातच मोठ्याने शिव्या देऊ लागली, दिव्याला, मला, संस्थेला, त्यालाही. लोक जमले. त्यांतल्या एकाने बाळाला ओळखलं आणि दुसऱ्याच्या कानाला लागला.

पहिल्या वर्षी दिव्याचा दर रविवारी फोन यायचा, आत्याच्या फोनवर. बाळा शेजारी बसून ऐकायचा. मग महिन्याने येऊ लागला. दुसऱ्या वर्षी तिने मला एका कार्यक्रमाची लिंक पाठवली. ती व्यासपीठावर होती, अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत. इंग्रजी इतकं सुरेख बोलत होती की माझी छाती भरून यावी. ती त्या दिवसाबद्दल सांगत होती. बापाने मनगट कसं धरलं, त्याची नखं कुठे रुतली, तो काय म्हणाला, तेलाचा वास कसा होता. यांतलं काहीही निबंधात नव्हतं. समोरची माणसं डोळे पुसत होती.

मी फोन लावला. म्हटलं, "दिव्या, तिथे आता तुला कोण विचारतं? आता तरी थांब. नवीन नवीन कशाला घालतेस?"

ती म्हणाली, "टीचर, मी घालत नाही. मला आठवतं. इथे मी एका समुपदेशकांकडे जाते. त्या म्हणतात, लहान मुलं असं विसरतात आणि मोठेपणी ते परत येतं. आणि बाबांनी स्वतः कबूल केलंय ना? तुम्हीच तर भाषांतर केलंत."

"मी खोटं केलं भाषांतर. तुझ्यासाठी. त्याने सात म्हटलं होतं, दिव्या, तू दारात होतीस."

"मला ते तसं आठवत नाही," ती म्हणाली. आवाजात कसलंही कपट नव्हतं. ते ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

गेल्या पावसाळ्यानंतर तिचा मला इंग्रजीत एक मेल आला. शिक्षण पूर्ण झालं होतं, तिथेच नोकरी लागली होती. समुपदेशकांच्या सल्ल्याने तिने वडिलांशी सगळा संबंध थांबवायचा ठरवलं होतं. त्यांनी फोन करू नये, कोणाकरवी निरोप पाठवू नये. हे त्यांना नीट समजेल अशा शब्दांत तुम्ही सांगावं, माझी तुम्हाला विनंती आहे. शेवटी लिहिलं होतं, आत्याला सांभाळा.

मी सांगायला गेले. सुभद्रा तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. मेल मी पाठवला होता हे तिला व्हिडिओ आला तेव्हाच कळलं होतं. तिने मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच बाळाला सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"समुपदेशक म्हणजे डॉक्टर?" त्याने विचारलं.

"तसांच काय ता."

"म्हणजे तिका बरां नाय?"

"बरी आसा ती. नोकरी लागली."

"मगे डॉक्टर कित्याक?"

मी समजावायचा प्रयत्न केला. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. सुभद्रा आत निघून गेली. मग बाळाने मला विचारलं, अगदी हळू, शेजारणीला ऐकू जाऊ नये असं.

"टीचर, तुमका म्हायती आसा काय? मी खराच भायर गेल्लंय?"

"कधी?"

"त्या दिवशी. इडी ओढूक. माका आधी चक्क दिसायचा. दार, उजेड, माझी इडी. आता ती आठवतंय तेव्हा मधीच माझो हात दिसता. तिचां मनगट धरलेलो. ती सांगता, मी सांगलंय, सगळी सांगतत. इतकी माणसां खोटां सांगतली?"

"तू भायर होतंस, बाळा," मी म्हटलं. "तू भायर होतंस. तुझ्या हातसून काय झालां नाय."

"तुमी थंय नाय होतास," तो म्हणाला. रागाने नव्हे. मी तिथे नव्हते, हे खरंच होतं. त्या कारखान्यातली माणसं पांगली, मुकादम दाजी गेला, आणि उरलेल्यांना आता व्हिडिओच आठवतो.

वेंगुर्ल्यात त्याला कोणी काम देईना. आता तो बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीजवळ एका काजूच्या बागेत राखणीला आहे. महिन्यातून एकदा सुभद्राला भेटायला येतो. त्या बागेचे मालक फेब्रुवारीत एका लग्नात माझ्या शेजारी बसले होते. माणूस भला, परगावचा. म्हणाले, "तुमच्याकडचा बाळा सोन्यासारखा आहे हो. कलमं तर अशी बांधतो! पण बिचाऱ्याला मागेपुढे कोणी नाही. मी विचारलं, बायको? म्हणाला, गेली. मूलबाळ? म्हणाला, झालं नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही ओळखता ना त्याला? खरंच कोणी नाही?"

"एक बहीण आहे," मी म्हटलं आणि वाढायला आलेल्या मुलीला आणखी भात घाल म्हणून सांगितलं.